चार बोटं रिकामी जागा

कोन्सोलाता मुकांदेकेझीने आयुष्यात कोणाला काठाच्या खाली दूध दिलं असेल, तर आमच्या गातोवू टेकडीचं नाव बदलून टाका. सतरा वर्षं तिने टेकडीच्या माथ्यावर दुधाचं दुकान चालवलं. गरम दूध, आंबवलेलं दूध, सोबत चपाती. दुधाचा मग असा भरायचा की गिऱ्हाइकाने आधी वाकून एक घोट घ्यायचा आणि मगच तो उचलायचा, नाही तर बाकावर सांडलंच म्हणून समजा. "माप मारून सुखी झालेला माणूस मी पाहिला नाही," ती म्हणायची, "आणि असलाच कोणी, तर त्याच्या घरी दूध नासत असेल." किगालीचे मोटरसायकल-टॅक्सीवाले सवारी सोडून तिथे थांबायचे, हेल्मेट बाकावर टाकायचे आणि ओरडायचे, "कोन्सोताई, एक भरून!" त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "अर्धा कधी दिलाय रे मेल्या, भरून सांगायला?"

मग गाड्या विजेच्या झाल्या. एका कंपनीने तिच्या दुकानाची अर्धी बाजू घेतली, तिथे चौदा खणांचं चार्जिंगचं कपाट उभं केलं आणि रिकामी बॅटरी घेऊन भरलेली द्यायचं काम तिच्याच गळ्यात घातलं. शिक्षण काय, तर तीन दिवस. शिकवायला आला होता कंपनीचा इंजिनीयर एनोक रुतागेंग्वा, इस्त्रीचा शर्ट आणि बोलणं मोजून-मापून. तिसऱ्या दिवशी जाताना तो म्हणाला, "बाई, हिरवा दिवा लागला की बॅटरी द्यायची. लाल असेल तर द्यायची नाही. बाकी डोकं चालवू नका."

हे त्याने कोन्सोताईला सांगायला नको होतं.

दर बुधवारी कंपनीचा एक मेकॅनिक यायचा. तिने त्याच्याशी सौदा केला, एका मगाला एक प्रश्न. मेकॅनिकला दुधाची भारी आवड, त्यामुळे वर्षभरात बाईने त्याच्या पोटातलं सगळं काढून घेतलं. मागचं चाक हाताने जड फिरत असेल तर मोटरच्या तीन जाड वायरी सोडवून पुन्हा फिरवायचं. मोकळं फिरलं तर दुखणं कंट्रोलरचं, म्हणजे मोटरला वीज मोजून देणाऱ्या डब्याचं, तरीही जडच असेल तर मोटरचं. गाडी सुटताना थरथरते, पुढे जायची तिथे अडखळते, तर मोटरच्या आतले तीन छोटे सेन्सर मीटर लावून एकेक तपासायचे. गाडी उभी असताना बॅटरी ठणठणीत आणि चढावर लगेच मान टाकते, तर आतली सेलची एखादी रांग कमजोर आहे. मीटर लावून ठेवायचं, चाक दगडाला टेकवून थ्रॉटल द्यायचा आणि आकडा किती पडतो ते बघायचं.

एकदा एकजण रडकुंडीला आला, मोटर गेली म्हणून. कोन्सोताईने गाडी नुसती हुंगली. "आज कुठे धुतलीस?"

"खाली, पाण्याच्या फवाऱ्याने. का गं ताई?"

"सवारीला चकाचक गाडी दाखवायची हौस ना? मोटरच्या वायरीच्या जोडात पाणी घातलंयस." तिने जोड सोडवला, फडक्याने पुसला, चुलीजवळ दहा मिनिटं धरला आणि परत बसवला. गाडी सुरू. त्या दिवसापासून कंपनीला फोन करायच्या आधी लोक ताईला विचारायला लागले.

आता त्या हिरव्या दिव्याबद्दल. दिवा नव्वद टक्क्यांना हिरवा व्हायचा. बाकीच्या सगळ्या ठिकाणी हिरवा झाला की बॅटरी द्यायचे आणि मोकळे व्हायचे. कोन्सोताईला ते पटेना. नव्वद म्हणजे काय? दहा कमी! म्हणजे मगात बोटभर कमी दूध घालून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं? ती थांबवायची. "बस जरा. शंभर होऊ दे. माझ्या कपाटातून अर्धवट काही जात नाही." लोक बसायचे, दूध प्यायचे, शंभर घेऊन जायचे. किगालीत सगळ्यात भरलेली बॅटरी कोन्सोताईकडे मिळते असा लौकिक झाला, आणि खोटं का बोला, तो ऐकताना तिची मान जरा ताठ व्हायची.

दोन वर्षं सगळं सुरळीत गेलं. तिसऱ्या वर्षी पावसाच्या आधी ग्रहण लागलं.

माथ्यावरून न्याबुगोगोच्या बस अड्ड्यापर्यंत चार किलोमीटर सलग उतार आहे, मध्ये तीन वळणं. नीलगिरीच्या झाडांचं वळण तिसरं. आमच्या गाड्या त्या उतारावर मरायला लागल्या. चालती गाडी मध्येच एक धक्का द्यायची, डिस्प्ले काळा पडायचा आणि मोटरचा ब्रेक सुटायचा. एरवी ब्रेक दाबला की मोटर गाडीला धरून ठेवते आणि उलटी वीज करून बॅटरीत परत भरते. ती धरच अचानक सुटली की गाडी सुसाट. मग हातातले साधे ब्रेक आणि देवाचं नाव. आणि गंमत अशी की रडत-घसरत खाली पोचलं, किल्ली बंद करून परत फिरवली, की गाडी शहाण्यासारखी चालू! कंपनीचं वर्कशॉप खाली सपाटीवर. तिथे पोचेपर्यंत आजार बरा झालेला. मेकॅनिक मोटर उघडायचे, सेन्सर तपासायचे, सगळं उत्तम. तरी त्यांनी दोन मोटरी बदलल्या, चार कंट्रोलर बदलले. नव्या कंट्रोलरची गाडी दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर मेली.

एनोकने फोनवर निदान केलं. "तुमचे लोक पेट्रोलच्या सवयीने उतारावर किल्ली बंद करतात. पेट्रोल वाचवायची खोड गेली नाही अजून."

"साहेब, ह्यात पेट्रोल कुठंय वाचवायला?" ताईने विचारलं.

"तेच तर म्हणतोय मी," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मग आला महिन्याचा शेवटचा शनिवार. त्या सकाळी अख्खा देश फावडी-कुदळी घेऊन सार्वजनिक कामाला लागतो आणि अकरा वाजेपर्यंत रस्त्यावर चाक फिरत नाही. आम्ही शाळेमागचा नाला साफ केला. अकराला सगळे एकदम माथ्यावर आले. कपाटातल्या चौदाच्या चौदा बॅटऱ्या सकाळभर चार्जिंगला लावलेल्या, काठोकाठ. कोन्सोताईने खुशीत वाटल्या. तासाभरात सात गाड्या उतारावर मेल्या. सहा कशाबशा खाली गेल्या. सातवी तेलेस्फोरची होती.

तेलेस्फोर म्हणजे पंचावन्न वर्षांचा, चर्चमध्ये मुलांना धडे देणारा सज्जन माणूस. आवाज चढवणं ठाऊक नाही. ताई थांब म्हणाली की तो बाकावर हात जोडून बसायचा. नीलगिरीच्या वळणावर त्याची गाडी मेली आणि तो केळीच्या बागेत जाऊन पडला. मागे अंड्यांचे तीन ट्रे घेतलेली बाई होती. ती बाई शाबूत, अंड्यांचा चिखल झाला, आणि तेलेस्फोरचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

सोमवारी एनोक पुन्हा फोनवर आला. आवाज आणखी मोजका. "बाई, जेवढ्या गाड्या बंद पडल्या, त्या सगळ्या तुमच्याकडून बॅटरी घेऊन निघालेल्या. तुमच्याच बॅटऱ्यांची हाताळणी चुकतेय. पुढच्या सोमवारी मी ट्रक घेऊन येतो. कपाट उचलायचं ठरलंय."

"माझी काय चूक ते तरी सांगा!"

"ते आम्ही तपासू. तुम्ही डोकं चालवू नका."

टेकडीवर बातमी पसरायला कितीसा वेळ? कपाट गेलं की रिकामी बॅटरी बदलायला खाली जायचं आणि परत चार किलोमीटर चढायचं. मग वरची सवारी कोण घेणार? दवाखान्यात जाणाऱ्या बायका, बाजारचे लोक, सगळे पायी. आणि जो तो ताईकडे बघायला लागला. कोणी म्हणालं, बाई बॅटऱ्या आपटते. कोणी म्हणालं, दुधाच्या हाताने हात लावते. इतकी वर्षं तिच्या हातचं पिऊन वाढलेली ही तोंडं! तिला इतकं लागलं की दोन दिवस ती कोणाशी धड बोलली नाही. कपाट गेल्याचं दुःख होतंच. पण 'कोन्सोने खराब माल दिला' हे ऐकणं तिला मरणाहून वाईट होतं.

बुधवारी गातेरा आला. हा आमच्यातला सगळ्यात उद्धट प्राणी. शंभर सोडा, हिरवा दिवा लागायची वाट बघणंही त्याला जमायचं नाही. "दे गं ताई, सवारी पळून जाईल!"

"सत्त्याऐंशी आहे मेल्या. बस."

"सत्त्याऐंशी तर सत्त्याऐंशी! मला काय चंद्रावर जायचंय?" त्याने स्वतःच खण उघडला, बॅटरी उपसली, गाडीत ढकलली आणि मागच्या म्हातारीला घेऊन उतारावर सुटला. ताई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मनात म्हणाली, जाईल आता हाही केळीत.

तो गेला नाही. तासाभराने शीळ घालत परत आला.

"गातेरा, तुझी गाडी आजवर किती वेळा मेली?"

"एकदाही नाही. देव माझ्यावर मेहेरबान आहे."

"देवाला दुसरी कामं आहेत," ताई म्हणाली, पण तिचं लक्ष भलतीकडेच होतं. चुलीवर दूध चढवलेलं. तिची भाची दुकानात नवीन. तिने आज पातेलं गळ्यापर्यंत भरलं होतं. फस्स करून दूध उतू गेलं, चूल विझली, करपट वास सुटला. ताई धावली आणि सवयीने ओरडली, "अगं बये, कितीदा सांगायचं? मग भरायचा काठोकाठ. पातेल्यात चार बोटं मोकळी ठेवायची! दूध वर येतं, त्याला जागा नको?"

आणि बोलता बोलता वळून चार्जिंगच्या कपाटाकडे बघायला लागली. फडकं हातात तसंच राहिलं.

माथ्यावरून निघालेली गाडी चार किलोमीटर फक्त खाली जाते. वीज खर्च कुठे होते? होतच नाही. उलट ब्रेक दाबला की मोटर वीज करते आणि बॅटरीत परत ढकलते. बॅटरी आधीच काठोकाठ. जागा नाही. मग बॅटरीच्या आतलं राखण करणारं सर्किट, ज्याला ती वॉचमन म्हणायची, तो काय करणार? बॅटरी फुगून फुटू नये म्हणून दार लावून घेणार. दार लागलं की गाडी मेली. खाली पोचेपर्यंत चढलेला दाब उतरतो, किल्ली फिरवली की वॉचमन दार उघडतो. म्हणूनच वर्कशॉपमध्ये आजार सापडत नव्हता! आणि म्हणूनच घाईघाईने पळणारा गातेरा बचावला, आणि हात जोडून शंभराची वाट बघणारा तेलेस्फोर पडला.

ती बाकावर बसली. बॅटरी म्हणजे मग नव्हता, पातेलं होतं. तिने दोन वर्षं ती मग समजून भरली.

"गातेरा," ती म्हणाली, "उद्या सकाळी तू शंभर होईपर्यंत बसायचंस."

"त्यापेक्षा कपाटच उचलू दे त्यांना!"

"दोन मग दूध, फुकट. आणि चपाती."

"बसतो," गातेरा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गातेराने आयुष्यात पहिल्यांदा शंभर टक्के बॅटरी नेली. ताईने त्याला बजावून सांगितलं होतं, सवारी नको, बटाट्याचं पोतं बांध, हळू जा आणि हाताचे ब्रेक धरून ठेव. दुसऱ्या वळणाच्या पुढे गाडीने धक्का दिला आणि डिस्प्ले काळा. गातेराने तिथूनच फोन केला. "ताई! मेली गं! अगदी तू म्हणालीस तशी मेली!" इतक्या आनंदाने गाडी बंद पडल्याची बातमी कोणी दिली नसेल. मग तिने तीच बॅटरी, तीच गाडी, तेच पोतं घेऊन अट्ठ्याऐंशी टक्क्यांवर पुन्हा सोडलं. गाडी लोण्यासारखी अड्ड्यापर्यंत गेली. तिने तीन गाड्यांवर हेच केलं. तिन्ही वेळा तेच झालं.

एक मात्र तिला कळेना. दोन वर्षं हे झालं नाही, आत्ताच का? बुधवारच्या मेकॅनिकला तिने शुक्रवारीच बोलावून घेतलं आणि मगाबरोबर तो प्रश्न पाजला. तो इकडे-तिकडे बघत म्हणाला, "माझं नाव नको घेऊस ताई. पावसाच्या आधी वरून गाड्यांत नवा प्रोग्रॅम आला. उतारावर आधीपेक्षा दुप्पट वीज परत भरतो. साहेबांनीच बसवलाय."

"असं होय!" कोन्सोताई म्हणाली. त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

सोमवारी एनोक आला. ट्रक, चार हमाल, इस्त्रीचा शर्ट. माथ्यावर साठ-सत्तर मोटरसायकलवाले हाताची घडी घालून उभे. ताईने आधी त्याच्या हातात दुधाचा मग दिला. आमच्याकडे दूध नाकारायची पद्धत नाही, आणि भरलेला मग हातात असला की माणसाला हमालांवर ओरडता येत नाही.

"साहेब, माझ्या बॅटऱ्या खराब, असंच ना?"

"तसंच दिसतंय."

"मग तुमची चांगली आणलीय का एखादी?"

ट्रकमध्ये नवीकोरी, खोक्यातली होती. "ही आहे. का?"

"माझ्या कपाटात शंभर करू. तुमच्याच गाडीत घालू. तुम्ही चालवा, मागे मी बसते. खाली पोचलो तर कपाट मी माझ्या हाताने ट्रकात चढवीन."

गर्दीत खसखस पिकली. ताईचं वजन टेकडीभर प्रसिद्ध. "साहेब, मोटरचा विचार करा!" गातेरा ओरडला.

"हसा लेको," ताई म्हणाली. "आज हे वजन कामाचं आहे."

नव्या बॅटरीला तासभर लागला. शंभर झाले. ताईने सवारीचं हेल्मेट चढवलं, एनोकच्या मागे बसली आणि म्हणाली, "हाताचे ब्रेक धरून ठेवा. हळू घ्या. आणि तो फोन लावा गाडीला, आत किती व्होल्ट होतात ते दिसतं ना त्यात?" त्याने चमकून मागे पाहिलं. हे तिला कोणी शिकवलं?

"पूर्ण भरलेली चौऱ्याऐंशी असते," ती म्हणाली. "तुम्ही फक्त बघत राहा आणि मोठ्याने वाचा."

उतार सुरू झाला. "पंच्याऐंशी," एनोक वाचत होता. पहिलं वळण. "पंच्याऐंशी... साडेपंच्याऐंशी." त्याचा आवाज मोजका राहिला नव्हता. दुसरं वळण. "शहाऐंशी. हे एवढं जायला नको." नीलगिरीची झाडं दिसायला लागली. "साडेशहा—"

धक्का. डिस्प्ले काळा.

नवीकोरी बॅटरी, साहेबाची गाडी, साहेबाचाच हात! एनोकने घाबरून ब्रेक आवळले आणि गाडी रस्त्याच्या कडेला नेऊन उभी केली. समोरच केळीची ती बाग, मोडलेली पानं अजून तशीच. वरून बघणाऱ्यांनी असा काही कल्ला केला की दवाखान्यातले लोक बाहेर आले. साठ हॉर्न एकदम वाजले.

एनोकने फोनवरचे आकडे मागे सरकवून पुन्हा पाहिले. मग हळूच म्हणाला, "नवा प्रोग्रॅम... परत येणारी वीज. बॅटरी भरलेली असेल तर ती कमी करायला हवी होती. मी ते घातलंच नाही. सपाटीवर तपासलं होतं आम्ही."

"सपाटीवर दूध उतू जात नाही साहेब," ताई म्हणाली. "त्याला आच लागते." मग तिने खोल श्वास घेतला. "आणि अर्धी चूक माझी. नव्वदला हिरवा होतो, तुम्ही द्या म्हणाला होतात. मी शंभर करत होते. पण का नव्वद, हे एकदा सांगितलं असतंत, तर मी मुकाट्याने ऐकलं असतं. मला डोकं चालवू नको म्हणालात ना, तिथे गणित चुकलं तुमचं."

एनोकने हेल्मेट काढलं आणि दोन्ही हातांनी तिचा हात धरला. वर आल्यावर त्याने हमालांना ट्रक रिकामाच फिरवायला सांगितला. संध्याकाळी फोन आला. प्रोग्रॅम दुरुस्त होतोय, बदललेल्या मोटरी आणि कंट्रोलर निर्दोष निघाले. आणि टेकड्यांच्या माथ्यावरच्या प्रत्येक ठिकाणी नवीन माणसांना बॅटरीचं शिकवायला कोन्सोताईने जावं, अशी कंपनीची विनंती आहे. "विनंती बरं का!" गातेरा महिनाभर सगळ्यांना सांगत होता. ज्यांनी दुधाच्या हाताचं बोलणं काढलं होतं, ते आता सगळ्यात पुढे उभे राहून तिचं कौतुक करत होते. तिने त्यांनाही भरलेलाच मग दिला, पण दोन शब्द ऐकवल्याशिवाय नाही.

दीड महिन्याने तेलेस्फोर आला, हाड जुळलेलं, सदरा धुतलेला. बाकावर हात जोडून बसला, जुन्या सवयीने. ताईने खण उघडला. खणावरच्या पाटीवर आकडा नव्वद. तिचा हात क्षणभर अडखळला. मग तिने बॅटरी उचलली, त्याच्या गाडीत स्वतः बसवली आणि तिथेच उभी राहिली.

"तेलेस्फोर, तुझं हाड माझ्या भरल्या मापाने मोडलं रे. गातेरा हिसकावून नेत होता, तो वाचला. तू माझं ऐकलंस, म्हणून पडलास. मला माफ कर."

तेलेस्फोरने जोडलेले हात सोडले. "ताई, पडताना मला वाटलं होतं, आपल्याच हातून काहीतरी चुकलं. दीड महिना तेच मनाला खात होतं. आज बरं वाटलं." मग लाजत म्हणाला, "बॅटरी कमी दे. दूध मात्र कमी करू नकोस."

तिने मग भरला. इतका भरला की त्याने वाकून पहिला घोट घेतला, तरी दोन थेंब बाकावर पडले. मग तो निघाला. विजेची गाडी, आवाज काही येत नाही, त्यामुळे ताई दाराशी उभी राहून बघत होती. पहिलं वळण, दुसरं वळण, नीलगिरीच्या झाडांआड दिसेनासा झाला. ती थांबली. चुलीवर दूध चढत होतं, भाचीला तिने हातानेच खूण केली, बघ तिकडे.

मग खालून, पार उतार संपतो तिथल्या पुलाजवळून, तेलेस्फोरचा हॉर्न तीनदा वाजला. कोन्सोताईने पदराने डोळे पुसले आणि आत वळून ओरडली, "पुढचा कोण? नव्वद झाली, उचल!"